डेअरीवर वाचायचं पत्र

बाभूळदरा, पो. अणदूर, जि. उस्मानाबाद
दि. १२ सप्टेंबर १९८५

चि. मच्छिंद्रास,
अक्काचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र परवा अणदूरहून दुधाच्या गाडीबरोबर आलं आणि नेहमीच्या रिवाजाप्रमाणं व्यंकटअण्णांनी दूध मापता मापता ते सगळ्या रांगेला वाचून दाखवलं. खाणावळीच्या वरणात डाळ शोधावी लागते हे तू लिहिलंस, ते आता माणिकप्पा चेअरमनपासून सगळ्या गावाला तोंडपाठ आहे. किती वेळा सांगितलं, पत्र डेअरीवर येतं आणि डेअरीवरच वाचलं जातं. न वाचता घरी नेलं तर काय झाकताय म्हणून चार माणसं मागं लागतात. माझ्यापुरतं काही असलं तर उपकेंद्राच्या पत्त्यावर लिहीत जा, तिथं नर्सबाई म्हणून माझं पत्र कुणी फोडत नाही.

पाऊस औंदाही न्हाई. विहिरीला तळ दिसायला लागला, दूध निम्म्यावर आलं. तरी डेअरीचे सेक्रेटरी म्हणून अण्णांचा कारभार तसाच कडक आहे. तोंडात तंबाखू असेल त्यानं आधी थुंकायचं, चूळ भरायची, मग कॅनजवळ यायचं. गेल्या सोमवारी माणिकप्पांनाही परत पाठवलं. चेअरमनला सेक्रेटरीनं सगळ्यांसमोर चूळ भरायला लावली, तेही आपल्या बौद्धवाड्यातल्या सेक्रेटरीनं. माणिकप्पा हसले खरं, पण कान लाल झाले होते.

एक सांगायचं राहिलं. अण्णांच्या मानेला डाव्या बाजूला, जबड्याच्या कोपऱ्याखाली बोराएवढी गाठ आली आहे. दुखत न्हाई, ताप न्हाई. पुतळावैनीच्या नजरेला पडली म्हणून कळलं, न्हाईतर ते कुठले सांगायला. फिरतीवरच्या डॉक्टरांनी गंडमाळ म्हणजे गाठीचा क्षय सांगितला आणि नव्वद इंजेक्शनं लिहून दिली. रोज सकाळी मीच टोचते. माय म्हणते, लहानपणी अण्णानं तुला मारलं त्याचं उट्टं काढतीयास. तू काळजी करू नको. तुझ्या लग्नाचं मात्र मनावर घे, मायनं अणदूरला एक मुलगी बघून ठेवली आहे.

माया आहे ती पत्रातून कळू दे, येवढंच मागणं.
तुझी,
चांगुणाअक्का

—

लालबाग, मुंबई
दि. ३ ऑक्टोबर १९८५

ति. अक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. मुलीचं राहू दे. मी दिवसभर माणसांच्या गाठींचे पापुद्रे कापून काचेवर चिकटवतो आणि रंगवतो, अशा नवऱ्याजवळ कोण मुलगी जेवायला बसेल.

अण्णांच्या गाठीचं दोनदा वाचलं. आमच्या दवाखान्यात मानेच्या गाठी घेऊन रोज माणसं येतात. पण त्यांचा कागद उघडला की पहिल्या ओळीत तंबाखू, बिडी न्हाईतर मिश्री असतेच. अण्णांनी जन्मात सुपारीचं खांडसुद्धा चघळलं नाही. बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या दिवसापासून दारूच्या दुकानावरूनही ते जात नाहीत. तेव्हा ते दुसरं काही मनात आणू नको, क्षयच असेल. डॉक्टर म्हणतात तसा कोर्स पुरा कर आणि शेवटी काय होतं ते कळव.

वैनीला आणि मायला जयभीम. लोभ आहेच, तो असाच ठेव.
तुझा,
मच्छिंद्र

—

बाभूळदरा
दि. ६ फेब्रुवारी १९८६

चि. मच्छिंद्रास, जयभीम व आशीर्वाद.

मधे औषध दोनदा संपलं, म्हणून नव्वद सुया व्हायला पाच महिने गेले. तिसाव्या सुईच्या सुमारास गाठ मऊ लागायला लागली, मी मायला सांगून मोकळी झाले की उतरतीय. मग पुन्हा भरली. आता लिंबाएवढी आहे आणि दगडासारखी घट्ट. दिवाळीपासून अण्णा म्हणत होते की डावा कान आतून ठणकतो. या इंजेक्शनानं कानात आवाज येतो हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं, म्हणून मी म्हणत राहिले की औषधाचा त्रास आहे, कोर्स संपला की थांबेल. काल भाकरी एका बाजूनं उतरत न्हाई म्हणाले, तेव्हा मी चमच्यानं जीभ दाबून बॅटरी मारली. डावा टॉन्सिल उजव्याच्या दुप्पट आहे. पाच महिने मी रोज त्यांच्या समोर उभी होते रे, आणि एकदा त्यांना तोंड उघडायला सांगितलं न्हाई. कारण मलाही वाटलं, हा माणूस काही खात न्हाई, पीत न्हाई, याच्या तोंडात काय बघायचं.

मंगळवारी सोलापूरहून गाडीत बसतो. वैनीही येतीय. स्टेशनवर ये. मायला फक्त टॉन्सिल काढायचे आहेत असं सांगितलंय.
चांगुणाअक्का

—

लालबाग, मुंबई
दि. २१ मार्च १९८६

ति. अक्कास, सविनय जयभीम.

तू ड्यूटीवर परत गेलीस त्यानंतरचं सगळं एकदमच लिहितो, उपकेंद्राच्या पत्त्यावर. टॉन्सिलचा तुकडा माझ्याच टेबलावर आला. दुसऱ्या कुणाला दिला असता तर बरं झालं असतं, पण मीच कापला, मीच रंगवला. कॅन्सरच आहे. सुरुवात टॉन्सिलमध्ये, तिथून मानेच्या गाठीत उतरलेला. पंधरा दिवसांपासून लाईट, म्हणजे किरणांचे शेक, सुरू आहेत, एकूण तीस बसायचे. तोंड आतून सोलून निघतं, थुंकी आटते, अन्नाची चव जाते. वैनी धर्मशाळेच्या ओट्यावर पेज करून आणते आणि चमच्या चमच्यानं पाजते. दोघं एकमेकांशी फार बोलत नाहीत, पण मी गेलो की दोघंही हसतात.

अण्णांना आजारापेक्षा दुसरीच गोष्ट लागली आहे. इथला प्रत्येक डॉक्टर आधी तंबाखू विचारतो. अण्णा नाही म्हणतात. तो पुन्हा विचारतो, किती वर्षं, दिवसातून किती वेळा. शेवटी कागदावर लिहितात की रुग्ण तंबाखू नाकारतो. ते नाकारतो अण्णांनी वाचलं. संध्याकाळी मला विचारत होते की खात नाही असं का लिहीत नाहीत, नाकारतो म्हणजे मी खोटा का. मी म्हणालो, तशी लिहायची पद्धत आहे. त्यांना ते पटलं नाही.

सुयांचं मनाला लावून घेऊ नकोस. ऑक्टोबरात मीसुद्धा तुला क्षयच असेल म्हणून लिहिलं होतं. ते पत्र तुझ्याकडं असेल तर फाडून टाक.
मच्छिंद्र

—

बाभूळदरा
दि. २ जुलै १९८६

चि. मच्छिंद्रास, जयभीम व आशीर्वाद.

अण्णांना घरी येऊन महिना होत आला. गाठ खूप बसली, गळा काळा पडलाय, आवाज बसकाच आहे. पण चालतात, फिरतात. आल्या आल्या डेअरीवर गेले. तिथं काय झालं ते तुला कळायला पाहिजे.

घशाचा कॅन्सर आहे हे गावाला कळलंच होतं. एष्टी स्टँडवर, दवाखान्याच्या भिंतीवर तंबाखूचं चित्र लावलेलं असतं, त्यामुळं कॅन्सर म्हणजे तंबाखू हे आता सगळ्यांना ठाऊक. तर लोक म्हणायला लागले की सेक्रेटरी आपल्याला चुळा भरायला लावत होता आणि स्वतः कोपऱ्यात बसून तंबाखूची गोळी धरत होता. दूध मापताना माणिकप्पांनी मुद्दाम गालात तंबाखू धरली आणि विचारलं, सेक्रेटरीसाहेब, आधी तुम्ही थुंकता का मी थुंकू. रांग हसली. अण्णांनी माप खाली ठेवलं आणि घरी आले. त्या दिवसापासून डेअरीचं माप संस्थेतला महालिंगप्पा बघतो आणि लोकांची पत्रंही तोच वाचतो. तोही भला आहे, पण अडखळत वाचतो.

अण्णा आता जोत्यावर बसून असतात. पेज समोर ठेवली की सुकून जाते. वैनीनं किती समजावलं. कालच मला म्हणाले की मरायचं तर सगळ्यांनाच आहे, पण मी तीस वर्षांत कमावलं ते येवढंच होतं, की व्यंकट सांगतो तसा वागतो. तुला निरोप दिला आहे की दवाखान्याकडून लिहून आण, हा तंबाखूचा न्हाई म्हणून. बाकी काही मागत न्हाईत. तुझ्या हातात असेल तर येवढं कर बाबा. तो माणूस उपासानं चाललाय.
चांगुणाअक्का

—

मुंबई
दि. १९ ऑगस्ट १९८६

मा. चेअरमन माणिकप्पा व दूध संस्थेचे सर्व सभासद बंधुभगिनींनो,
सविनय जयभीम आणि नमस्कार.

हे पत्र महालिंगप्पांनी सकाळच्या रांगेत, सगळे हजर असताना मोठ्यानं वाचावं ही विनंती. माझे मोठे बंधू व्यंकट यांच्या आजाराबद्दल मला खुलासा करायचा आहे. मी जिथं नोकरी करतो तिथं एक डॉक्टर मॅडम घशाच्या गाठींवर नवीन तपासणी करतात. त्यांनी अण्णांचा तुकडा तपासला आणि निकाल मला दाखवला. हा आजार तंबाखूचा नाही. तो एका विषाणूपासून झाला आहे.

विषाणू म्हणजे जंतूहूनही बारीक चीज. अंगावर चामखीळ उठवणारे जे विषाणू आहेत, त्यांच्याच भावकीतला हा एक. आपल्या घशात मागं दोन बाजूंना टॉन्सिल असतात, त्यांना बारीक बारीक खळगे असतात. कॅनच्या झाकणाच्या सांध्यात कितीही घासलं तरी थोडं दूध राहतंच, तसा हा विषाणू त्या खळग्यांत जाऊन बसतो. शंभरातल्या बहुतेक माणसांचं शरीर त्याला वर्षा-दोन वर्षांत हुसकून लावतं, त्या माणसाला कळतही नाही. थोड्यांच्या अंगात तो राहतो. दहा वर्षं, वीस वर्षं काही दुखत नाही, काही दिसत नाही. शरीरातल्या प्रत्येक पेशीला कुठं थांबायचं ते कळत असतं. हा विषाणू आत शिरून ते थांबणंच मोडतो. एकाचे दोन, दोनाचे चार होत जातात. मूळ जागा ज्वारीच्या दाण्याएवढी असतानाच त्यातल्या पेशी मानेच्या गाठीत उतरतात आणि तिथं वाढतात. म्हणून आधी मानेला गाठ दिसते आणि घसा मात्र चांगला वाटतो. अण्णांचं नेमकं असंच झालं.

तुम्ही विचाराल, मग हा दुधातून पसरेल का. पसरत नाही. भांड्यातून, हवेतून, हातात हात दिल्यानं होत नाही. मॅडम म्हणतात की तो बहुतेक नवराबायकोच्या सहवासातून एकाकडून दुसऱ्याकडं जातो. बायकांच्या पिशवीच्या तोंडाला कॅन्सर होतो, त्यातही याच भावकीतले विषाणू आता सापडत आहेत. कुणाकडून आला, कोणत्या साली आला, हे जगातल्या कुठल्याही तपासणीत कळत नाही, आणि यात कुणाचाच दोष नाही. हे संशोधन नवीन आहे, डॉक्टर लोकांतही अजून वाद आहेत. आपल्याकडचे बहुतेक घशाचे कॅन्सर तंबाखूनंच होतात, तेव्हा या पत्राचा आधार घेऊन कुणी तंबाखूची चंची उघडू नये.

व्यंकट सेक्रेटरींनी तुम्हाला जे सांगितलं तसंच ते स्वतः वागले. त्यांना त्यांची जागा आणि मान परत द्यावा.

तुमच्या गावचा म्हणून माझ्यावर जो जिव्हाळा आहे तो वाढावा.
आपला,
मच्छिंद्र

—

उपकेंद्र, बाभूळदरा
दि. ४ सप्टेंबर १९८६

मच्छिंद्र,

पत्र लिहायच्या आधी मला विचारलं असतंस तर तुझं काय गेलं असतं. मी त्या दिवशी बाळंतपणाला तांड्यावर होते. मी असते तर महालिंगप्पाच्या हातातून कागद ओढून घेतला असता.

त्यानं वाचलं, अडखळत वाचलं. ज्वारीच्या दाण्यापर्यंत लोक गप्प ऐकत होते. अण्णा खुर्ची घेऊन मुद्दाम समोर बसले होते, नवी टोपी घालून. मग नवराबायकोचं आलं. महालिंगप्पा थांबला आणि तीच ओळ त्यानं दुसऱ्यांदा वाचली. पुतळावैनी त्याच रांगेत चरवी घेऊन उभी होती. सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. तुझं पुढचं दोष-बिष कुणी ऐकलं न्हाई.

तुला आठवत नसलं तर सांगते. वैनी सास्तूरची, पहिला नवरा वारल्यावर अण्णांनी तिच्याशी पाट लावला. त्या वेळी सगळा वाडा विरोधात होता आणि अण्णांनी कुणाचं ऐकलं न्हाई. पहिला नवरा कशानं वारला ते कुणाला नक्की ठाऊक न्हाई. लेकरू झालं न्हाई. मायला येवढं पुरलं. घरी येऊन तिनं वैनीची ट्रंक अंगणात काढली. म्हणाली, एक खाल्लास, आता माझा खायला आलीस. अण्णा मधे पडले, पण त्यांच्या गळ्यातून नुसती हवा येत होती. मायला ऐकूच गेलं न्हाई, का तिनं ऐकून घेतलं न्हाई, कोण जाणे. वैनीनं चरवी घासून पालथी घातली आणि दुपारच्या गाडीनं सास्तूरला गेली.

मी मायला सांगायला गेले की बाईलाच होतं असं न्हाई, पुरुषाकडूनही येतं. तर तिनं मला विचारलं, मग माझ्या लेकानं कुठून आणलं, कोणत्या बाईकडून. वैनीला सोडवायचं तर अण्णांवर टाकावं लागतं. तू लिहिलंस ते सगळं खरं असेल, पण ते कुणासमोर वाचलं जाणार आहे याचा विचार तू केला न्हाईस. आता अण्णांनी तंबाखू खाल्ली असं कुणी म्हणत न्हाई. माणिकप्पांनी तर घरी येऊन हात जोडून माफी मागितली. अण्णांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा न्हाई.

भाकरी मी करते आहे. अण्णांच्या मानेला उजवीकडं मला काहीतरी हाताला लागलंय.
चांगुणा

—

बाभूळदरा
दि. ३० नोव्हेंबर १९८६

चि. मच्छिंद्रास, व्यंकटचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

पेन्सिलीनं लिहितो आहे, लागेल तसं वाच. बोलणं पूर्ण बंद झालं. गाठ दोन्ही बाजूंनी आली. दूध तेवढं उतरतं, तेही कापडातून गाळून. चांगुणानं पुन्हा मुंबईचं काढलं, मी नको म्हणालो. तुझी मॅडम काय म्हणेल ते मला कळतं. मला आता दिवस थोडे आहेत आणि काम एकच शिल्लक आहे.

तुझ्यावर माझा बिलकुल राग नाही. खुलासा मीच मागितला होता. तू नंतर मायला समजावणारी दोन पत्रं घातलीस, महालिंगप्पानं वाचली, मायनं पदर कानावर घेतला. सास्तूरला मी गेलो होतो. पुतळाच्या भावानं दाराबाहेर बसवून चहा दिला. ती आतूनच म्हणाली की तुमच्या मायनं बोलावल्याशिवाय आणि गावानं ऐकल्याशिवाय मी येणार नाही. बरोबर आहे तिचं.

म्हणून परवा सकाळी डेअरीवर गेलो. रांग भरली होती. माणिकप्पाची चंची त्याच्या मांडीवर होती, ती उचलली, तळहातावर तंबाखू घेतली. चुना किती लावायचा ते मला ठाऊक नव्हतं, मी जास्त काढला. माणिकप्पानं ते बघितलं. त्यानं माझा हात धरला, जादा चुना आपल्या बोटानं पुसून काढला, तंबाखू स्वतः मळून दिली आणि लोकांना मोठ्यानं सांगितलं की हा गडी पंधरा वर्षं माझ्याच चंचीतून खात आला, मी इमानानं तोंड उघडलं नव्हतं. मी ती तोंडात टाकली. आतलं सगळं सोललेलं, निखारा धरल्यासारखं झालं. तरी थुंकलो नाही. मग दुधाचं फॅट लिहायच्या फळ्यावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं, मी चोरून खात होतो, माझ्या बायकोचा यात काही संबंध नाही. सही केली.

लोकांनी मानलं, निदान निम्म्यांनी. माय मानत नाही. ती म्हणते, मुंबईच्या कागदात वेगळं लिहिलंय, व्यंकट बायकोला झाकतोय. तेव्हा तुझ्या कागदाशिवाय हे मिटणार नाही. तू शिकलेला, तुझ्या अक्षराला वजन आहे. लिही की आधीचं चुकलं, हा तंबाखूचाच. कसं लिहायचं ते तू ठरव. तू खरं लिहायला शिकलास याचा मला अभिमान आहे आणि तरी हे मागतो आहे. मी मायच्या पोटचा आहे, मी मेल्यावरही ती मला माफ करील. पुतळाला कोण करील. मी गेल्यावर ती या घरात राहिली पाहिजे, मानानं.

उत्तर लवकर घाल.
तुझा अण्णा,
व्यंकट

—

मुंबई
दि. ८ डिसेंबर १९८६

ति. आईस, तसेच मा. चेअरमन माणिकप्पा व सर्व सभासदांस,
सविनय जयभीम आणि नमस्कार.

हे पत्र महालिंगप्पांनी सकाळच्या रांगेत मोठ्यानं वाचावं.

ऑगस्टमध्ये मी जे पत्र लिहिलं ते चुकीचं होतं. तुकड्याच्या बाटल्यांवर नंबर घालण्याचं काम माझं आहे. त्या दिवशी माझ्या हातून दोन बाटल्यांचे नंबर बदलले गेले. विषाणूचा निकाल निघाला तो दुसऱ्याच कुणाचा होता. व्यंकटअण्णांचा तुकडा पुन्हा तपासला, त्यात विषाणू नाही. डॉक्टरांचं मत आहे की हा आजार तंबाखूमुळं झाला. आमच्या कामात याहून मोठी चूक नसते. ती मी केली, आणि तिच्यापायी माझ्या घरच्या निर्दोष बाईला घर सोडावं लागलं. पुतळावैनींची मी सगळ्या गावासमोर माफी मागतो. आई, तू स्वतः सास्तूरला जाऊन त्यांना घेऊन ये.

यापुढं कुणाच्या दुखण्याबद्दल मी काही लिहिलं तर त्यावर विसंबू नये.

मला पदरात घ्यावं, येवढीच विनंती.
मच्छिंद्र

—

बाभूळदरा
ता. १५ फेब्रुवारी १९८७

मच्छिंद्रभावजींना पुतळाबाईचा जयभीम.

माजं आक्षर वाईट हाय. दुसरीपर्यंत साळा शिकले, त्यावर लिवती. वन्संला सांगितलं न्हाय. ह्ये म्या अणदूरच्या बाजारला जाऊन पेटीत टाकलं.

त्येंच्या मातीला येऊन तुमी धा दिस राहून गेला पण येवढी मानसं व्हती, बोलता आलं न्हाय. तुमचं डिसेंबरातलं पत्र वाचलं त्याच्या दुसऱ्या दिशी सासूबाई सास्तूरला आल्या. दारात बसल्या, माज्या पायाला हात लावाया लागल्या, म्या लावू दिला न्हाय. संगं आले. मग पाच आठवडं त्येंचं सगळं माज्या हातानं झालं. दूध कापसानं व्हटाला लावायची. शेवटाला सासूबाईंनी येका बाजूनं धरलं व्हतं, म्या येका बाजूनं. आता सासूबाई मला जवळ घिऊन बसतात. डेअरीवर लोक पोरान्ला सांगतात, तंबाखू खाऊ नका, सेक्रेटरी बघा कसा गेला. ते आयकलं की म्या चरवी घिऊन मागं फिरते.

भावजी, तुमी खोटं लिवलं ते मला ठावं हाय. बारा वर्सं संसार केला, त्येंच्या तोंडाला तंबाखूचा वास कवाच आला न्हाय. बाटल्या बदलल्या म्हनून तुमी सवताला बट्टा लावून घेतला. मानसं म्हनतात, मच्छिंद्राला काम येत न्हाय. तुमचं लई उपकार हायती.

पर येक इचारायचं हाय, ते दुसऱ्या कुनाला इचारता येत न्हाय. माजा पयला नवरा दोन वर्सं बाहीर कामाला व्हता. तितून आजारी हून आला, मग मेला. त्येच्याकडून माज्यात आलं आन म्या ह्येंला दिलं, आसं झालं का. ह्येंनी मला लोकांचं आयकून न्हाय टाकलं, शंबर जनांत पाट लावला, आन त्येंच्या नरड्यात म्याच ते ठिवलं का. म्या रोज त्येच इचार करती. भाकरी थापताना बी करती.

पत्र डेअरीवर वाचत्यात, तवा उत्तर मोठं लिवू नका. व्हय आसंल तर काय बी धाडू नका. म्या समजून घीन, कुनाला बोलनार न्हाय. न्हाय आसंल तर माज्या नावानं येक कार्ड टाका. खुशाली हाय येवढंच लिवा.

महिनाभर वाट बगते.

तुमची वैनी,
पुतळाबाई

—

मुंबई
दि. १९ फेब्रुवारी १९८७

श्रीमती पुतळाबाई व्यंकट
दूध संस्था, मु. बाभूळदरा, पो. अणदूर, जि. उस्मानाबाद

ति. वैनीस,
सविनय जयभीम.

इकडं खुशाली आहे.

मच्छिंद्र